आरपार जाणारा दगड

फेब्रुवारी 2017. नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, मेलम्ची नदीच्या वरच्या अंगाला एका डोंगरावर आमचा पंधरा दिवस मुक्काम होता. पुण्याहून आलेले स्थापत्यच्या तिसऱ्या वर्षाचे आम्ही अकरा जण. त्यातल्या एकाच दिवसाबद्दल लिहायचंय.

काम एका दिदींच्या घराचं होतं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात जुनं घर बसलं, तेव्हा त्या मक्याच्या शेतात होत्या. तो शनिवार होता, नेपाळात सुट्टीचा वार, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हे दिदी दिवसभरात तीनदा बोलल्या. शाळाही पडली होती, आणि त्यांची मुलगी त्याच शाळेत जायची.

जुन्या घराचेच दगड वापरायचे होते. खालच्या ढिगाऱ्यातून ते डोकोत भरायचे, म्हणजे बांबूच्या निमुळत्या टोपलीत. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घ्यायचा आणि चढायचं. सकाळी दहाला डाळ-भात झाला, तोवर माझी मान धरली होती. दिदी मात्र माझ्या दुप्पट दगड घेऊन माझ्यामागून यायच्या आणि म्हणायच्या, "बिस्तारै, बहिनी." सावकाश.

दुपारी मिस्त्री दाइंनी, म्हणजे मिस्त्री दादांनी, मला भिंतीपाशी बोलावलं. दगडमातीची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मधे माती नि बारीक दगड. जमीन हलली की त्या फुगतात, एकमेकींपासून सुटतात. म्हणून दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर, भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक लांब दगड आडवा घालायचा. सरकारी अनुदान 3 लाख नेपाळी रुपये होतं, पण तीन हप्त्यांत. घर नियमाप्रमाणे बांधलंय हे इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. दाइंना त्याची काळजी नव्हती. ते प्रत्येक लांब दगडाची दोन्ही टोकं स्वतः हात लावून बघत होते.

मी थांबले. आमचं गाव किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला आमच्या माळवदाच्या अडीच फुटी भिंती अशाच फुगून पडल्या आणि वरची सगळी माती आत आली. आजी आणि धाकटी आत्या त्यात गेल्या. बाबा लातूरला हॉस्टेलवर होते. मी दोघींना फक्त फोटोत पाहिलंय.

मोडक्यातोडक्या हिंदीत मी हे दिदींना सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. खाजाचे, म्हणजे मधल्या खाण्याचे, चिउरा-भटमास (पोहे आणि सोयाबीन) माझ्या ओंजळीत ओतले, मग आपल्या वाट्यातलेही ओतले.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी फक्त लांब दगड शोधले. ढिगाऱ्यात ते कमी असतात. जुन्या भिंतीत कुणी घातलेच नव्हते, म्हणून तर ती पडली. मिळाला की दोघींनी धरून वर न्यायचा. एक तर इतका जड होता की चौघं लागलो.

रात्री बाबांना फोन केला. भूकंपानंतर आमच्या भागात उभ्या राहिलेल्या भिंतींना भोकं पाडून त्यांत काँक्रीटचे असेच आडवे सांधे भरले होते, ते काम त्यांनी पाहिलेलं.

"आरपार दगड घातले का?"

"हो."

"किती?"

"आज सात."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोपऱ्यांना विसरू नका."