परत फिरायचा आकडा

"अगं, पण मधेच समुद्रात पेट्रोल संपलं तर?"

शेजारच्या काकूंनी हे मला निदान दहा वेळा विचारलंय. नात्यातल्या लग्नांत विचारलं जातं, आणि एका शाळेत बोलायला गेले होते तिथं सातवीच्या पोरांनीही पहिला प्रश्न हाच टाकला. मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि लहान हेलिकॉप्टर समुद्रापार नेणाऱ्या वैमानिकांना प्रवास आखून देते. रस्ता, हवामान, इंधन, परवानग्या, सगळं. मी स्वतः उडवत नाही. दारात उभ्या उभ्या मी "संपू देत नाही, काकू" एवढंच म्हणते. ते खरं आहे, पण अपुरं आहे. म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी यंत्राबद्दल. माझ्याकडे बहुतेक वेळा रॉबिन्सन कंपनीचं आर-४४ असतं. चार माणसांचं, एकाच इंजिनाचं. काकूंचा 'पेट्रोल' हा शब्द बरोबर आहे, कारण त्याला ॲव्हगॅस लागतं आणि ते विमानाचं पेट्रोलच. दोन टाक्यांत मिळून वापरता येण्याजोगं साधारण १७६ लिटर मावतं. तासाला सुमारे ५७ लिटर जातं, वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हवा शांत असेल तर तीन तास, आणि गाठीला थोडं इंधन ठेवलं तर साडेपाचशे किलोमीटरच्या आतच काय ते. न्यूफाउंडलंडपासून आयर्लंड मात्र तीन हजार किलोमीटर लांब आहे. मग जायचं कसं?

ओढा ओलांडताना आपण दगड बघून पाय टाकतो, तसंच. उत्तर अटलांटिकमध्ये वर असे दगड आहेत: कॅनडाचा बॅफिन किंवा लॅब्राडोरचा किनारा, मग ग्रीनलँड, आइसलंड, फेरो बेटं आणि शेवटी स्कॉटलंड. हा रस्ता जुना आहे. १९५२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकी हवाई दलाची दोन सिकॉर्स्की हेलिकॉप्टरं मॅसॅच्युसेट्सहून निघून लॅब्राडोर, ग्रीनलँड, आइसलंड करत स्कॉटलंडला पोचली. हेलिकॉप्टरनं अटलांटिक ओलांडण्याची ती पहिली वेळ. आजही आम्ही जवळपास तेच दगड वापरतो.

पॅसिफिकच्या उत्तरेला दगड आहेत, पण १९८२ साली त्यांतले पलीकडचे सोव्हिएत संघाच्या ताब्यात होते आणि तिथं उतरायला परवानगी मिळाली नाही. त्या सप्टेंबरात रॉस पेरो ज्युनिअर आणि जे कोबर्न हे दोघं बेल कंपनीच्या लाँगरेंजरमधून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांनी भर समुद्रात एका मालवाहू जहाजावर उतरून इंधन घेतलं आणि २९ दिवसांत फेरी पूर्ण केली. ऑस्ट्रेलियाचा डिक स्मिथ तेव्हाच एकट्यानं निघाला होता, त्यानंही पुढं जहाजाचाच आधार घेतला. दगड नसेल तर दगड आणून ठेवायचा! मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. समुद्राच्या मधोमध, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी एक हलणारं जहाज सापडायचं, आणि तेही तेव्हाच्या उपकरणांनी. १९९७ मध्ये जेनिफर मरे हिनं क्वेंटिन स्मिथबरोबर आर-४४ मधून जगाला वळसा घातला आणि २००० साली ती पुन्हा एकटीनं गेली. कुणी मला "एवढ्याशा यंत्रातून बाई जाईल का?" असं विचारलं, की मी हे साल सांगते.

आता मूळ मुद्दा. इंधन 'संपतं' ते टाकी लहान म्हणून नव्हे. वाऱ्यामुळं.

एका वसंतात मी आखलेला प्रवास सांगते. एका वैमानिकाला आर-४४ आइसलंडहून स्कॉटलंडला न्यायचं होतं. ग्रीनलँडची बाजू असती तर मागच्या सीटवर जादा टाकी बसवावी लागली असती, कारण कुलुसुक ते रेक्याविक हीच उडी ७३५ किलोमीटरची आहे. त्याच्या वाट्याला दोनच उड्या होत्या. पहिली आइसलंडच्या आग्नेय टोकाजवळच्या हॉफनहून फेरो बेटांवरच्या वागारला, ४७० किलोमीटर. दुसरी वागारहून स्कॉटलंडच्या स्टॉर्नोवेला, त्याहून थोडी कमी. जादा टाकी नव्हती.

वारा नसेल तर पहिल्या उडीला दोन तास एकवीस मिनिटं आणि १३४ लिटर लागतात. उरतात ४२ लिटर, म्हणजे पाऊण तास. ठीक. आता समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा धरा. आपल्याकडं ज्येष्ठात नारळाच्या झावळ्या हलवणारा वारा असतो, तेवढाच. हेलिकॉप्टर हवेतून २०० नंच जातं, पण जमिनीच्या हिशेबानं १७० नं सरकतं. पावणेतीन तास लागतात, १५८ लिटर जातं आणि वीस मिनिटांचंही इंधन उरत नाही. तोच वारा पाठीमागून आला तर दोन तासांत पोचतो आणि साठेक लिटर उरतं. अंतर तेच, टाकी तीच, यंत्र तेच.

म्हणून मी प्रत्येक उडीसाठी वैमानिकाला एक चिठ्ठी देते. तो ती मांडीवर पट्ट्यानं बांधलेल्या पॅडला लावतो. त्या दिवशी अंदाज समोरून दहाच्या वाऱ्याचा होता, म्हणून चिठ्ठीवर तीन ओळी होत्या:

१२० किमी – ३८ मिनिटं.
४० किंवा जास्त – परत.
२४७ किमी – इथून दोन्ही किनारे सारखेच लांब.

तिसरी ओळ लोकांना चक्रावते. ४७० च्या निम्मे २३५ होतात, मग २४७ कुठून? वारा समोरून असला की पुढं जायला जास्त वेळ लागतो आणि मागं यायला कमी. म्हणून वेळेच्या हिशेबातलं मध्य अंतराच्या मध्यापेक्षा पुढं, वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकतं. इंजिन कुरकुरायला लागलं, तर २४७ च्या अलीकडे मागं वळायचं आणि पलीकडे पुढंच जायचं. हे तेव्हा ठरवायचं नसतं, कारण तेव्हा हात थरथरत असतात.

पण खरी ओळ दुसरी आहे. अर्ध्या तासाचं इंधन गाठीला ठेवून पोचायचं तर ताशी १८२ च्या खाली जाऊन चालत नाही. १२० किलोमीटरला चाळीस मिनिटं लागली, याचा अर्थ वेग १८० वर आलाय. म्हणजे परत. मग आकाश निळं असो, की इंजिन घड्याळासारखं चालत असो.

हा आकडा आधी लिहून ठेवायचा हट्ट मी कुठून शिकले, तेही सांगते. सांगलीकरांना ते लगेच कळेल.

आमचं जुनं घर गावभागात. पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं, की सांगलीत माणसं एकमेकांना भेटल्यावर नमस्काराच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरातही दर तासाला हा आकडा येत होता. बाबा म्हणत होते, "२००५ ला पाणी उंबऱ्याला लागलं नव्हतं. उगा घाई नको." चाळीस झालं. थांबलो. त्रेचाळीस झालं, बाबा म्हणाले, सकाळी बघू. आकडा होता, पण त्या आकड्याला काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. सकाळी पाणी पुढच्या दारानं आलंच नाही, ते मागच्या मोरीतून वर आलं. आजीचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं आणि फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. ज्या बोळातून आदल्या संध्याकाळी स्कूटरवरून निघता आलं असतं, तिथून आम्ही आजीला खुर्चीत बसवून नावेतून काढलं. पुढं पातळी ५७ फुटांवर गेली.

पाणी ओसरल्यावर भिंती धुताना मी स्वयंपाकघराच्या दारामागं पेन्सिलीनं लिहिलं: '३८ – निघायचं.' बाबा काही बोलले नाहीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढायला लागलं, तेव्हा अडतीस झाल्याचं कळताच ते स्वतःच उठले, आजीची औषधं पिशवीत भरली आणि म्हणाले, "चला." त्या खेपेलाही घरात पाणी आलं. आम्ही मात्र विश्रामबागेत होतो.

हॉफनहून वैमानिक निघाला तो आमच्याकडं दुपारी अडीचला. हेलिकॉप्टरमधलं सॅटेलाइटवरचं यंत्र ठरावीक वेळानं जागा कळवतं आणि माझ्या पडद्यावर ठिपका पुढं सरकतो. पहिल्या काही ठिपक्यांतच मला अंतर कमी पडताना दिसलं. वारा अंदाजापेक्षा आधी फिरला होता, आग्नेयेकडून, म्हणजे थेट समोरून यायला लागला होता. आग्नेयेचा वारा तिथं नुसता वेग खात नाही, दमट हवा आणून ढग आणि धुकंही खाली उतरवतो. १२० किलोमीटरला त्याला ४२ मिनिटं लागली.

आता त्याच्या बाजूनं बघा. टाकीत साधारण दोन तास वीस मिनिटांचं इंधन. उरलेलं अंतर साडेतीनशे किलोमीटर, दोन तासांचं. म्हणजे तो पोचला असता! शेवटची वीसेक मिनिटं हातात ठेवून पोचला असता. पण कुठं? फेरो बेटांवर विमानतळ एकच, तो वागारचा, आणि भोवती उभे कडे. हेलिकॉप्टर शेतातही उतरतं, पण धुक्यात शेत दिसायला तर हवं. वीस मिनिटांत तिथं दुसरी जागा शोधत बसता येत नाही.

आणि खाली समुद्र सात-आठ अंशांचा. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खालून येणाऱ्या हवेनं पाती फिरत राहतात आणि उतरायला उंचीनुसार एखाद-दोन मिनिटं मिळतात. पाण्यावर टेकल्यावर मात्र वरचं वजन त्याला उलटं करतं. म्हणून आमचे वैमानिक तलावात उलट्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचा सराव करून येतात: एक हात दाराच्या कडीवर, एक पट्ट्यावर, फिरणं थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि बाहेर पडेपर्यंत लाइफ जॅकेट फुगवायचं नाही. नाहीतर तेच जॅकेट छताला चिकटवून ठेवतं. अंगात पाणी न शिरणारा रबरी सूट निघण्याआधीच चढवलेला लागतो, हवेत तो घालता येत नाही. थंड पाण्याबद्दल शिकवतात तो हिशेब एक-दहा-एक असा आहे: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, बोटं कामाची राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. सूट असेल तर हे लांबतं. तराफा, संकटाचा संदेश देणारं यंत्र, सगळं असतंच. ही यादी मी प्रत्येक वेळी मोठ्यानं वाचून घेते, आणि ती लागू नये म्हणून चिठ्ठी लिहिते.

मी त्याला कळवलं नाही. कळवायचं नाही असंच ठरलं होतं, कारण चिठ्ठी त्याच्या मांडीवर होती आणि घड्याळ त्याच्यासमोर. पुढचा ठिपका आला तो आधीच्याच्या शेजारी. त्याच्या पुढचा मागं. मग एक मागं, आणखी एक मागं. मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेले आणि जरा वेळ नुसती उभी राहिले. परतीला वारा पाठीशी होता, अर्ध्या तासात तो हॉफनला उतरला. त्याचा संदेश एका ओळीचा होता: "४२. परत आलो. जेवतो."

मग सहा दिवस थांबणं. लोकांना वाटतं या कामात धाडस भरलेलं असतं. खरं तर यात थांबणं भरलेलं असतं. हॉटेलचं बिल वाढतं, घरून फोन येतात, हेलिकॉप्टर विकत घेणारा विचारतो कधी पोचताय. आर-४४ ला ढगात शिरायची परवानगी नाही, पात्यांवर बर्फ धरला तर ते उतरवायची सोय नाही. म्हणून ढगांचा तळ, गोठणबिंदूची उंची आणि वारा, तिन्ही एकाच सकाळी जुळावी लागतात. रोज मी तिन्ही बघायचे आणि रोज लिहायचे: "आज नाही."

सहाव्या दिवशी कमी दाबाचं क्षेत्र पूर्वेला सरकलं आणि त्याच्या मागून वायव्येचा स्वच्छ वारा आला, ताशी तीसचा, पाठीशी. मी नवी चिठ्ठी लिहिली. साडेतीनच्या सुमारास काकू चहाची पावडर मागायला आल्या, त्यांना मी पडद्यासमोरच बसवलं. शेवटचा ठिपका बेटावर टेकला. पाचेक मिनिटांनी संदेश आला, आणि काकूंनी विचारायच्या आत मी तो मोठ्यानं वाचला:

"वागार. टाकीत सत्तावन्न लिटर."