तारवार नाही, लिस्बनला नाही, नुसती फिरायला

आमच्या गोव्यात परदेशात जायचं म्हणजे कमवायलाच जायचं असं ठरूनच गेलंय. कोणी तारवार म्हणजे जहाजावर, कोणी गल्फात, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट करून युरोपात. त्यामुळे मी नोकरी सोडून व्हिएतनामला चाललेय म्हटल्यावर घरी डिचोलीला पहिला प्रश्न आला की तिथे पगार किती. पगार नाही, फिरायला चाललेय, एकटीच, हे ऐकल्यावर शेजारची मावशी तडक कोकणीवर आली, "तुका पिशें लागलां काय गो?" बाबांचा जन्म १९५८चा, म्हणजे १९ डिसेंबर १९६१च्या गोवा मुक्तीआधीचा, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टचे कागद करायचे तर आम्हालाही लिस्बनचा दरवाजा उघडा, पण त्यांनी ते कधी केलं नाही. यावेळी मात्र म्हणाले, बाहेरच जायचं होतं तर सांगायचंस, कागद तरी काढले असते.

आठ वर्षं कांदोळीच्या बाजूला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होते. लोक फिरायला येतात, मी त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स काढते, एवढाच माझा परदेशाशी संबंध. सीझनला सुट्टी नाही आणि पावसाळ्यात सुट्टी आहे तर पैसे नाहीत, असं करत करत वयाची तीस वर्षं पूर्ण झाली. जानेवारीत गर्दी ओसरल्यावर राजीनामा टाकला आणि नोटीस पिरियड संपवून मार्चमध्ये निघाले. फुल अँड फायनलचे पैसे हातात यायला पुढे तीन महिने लागले, ती रडकथा वेगळी.

हिशोब असा. मुंबईहून येण्याजाण्याचं विमान बावीस हजार, ई-व्हिसा २५ डॉलर (सिंगल एंट्री, घरबसल्या मोबाइलवरून झाला) आणि तिथे २४ दिवस, रोजचे पंधराशे. म्हणजे सगळं मिळून साठेक हजार. मोपाहून मुंबईचं विमान घ्यायचा मोह झाला होता पण तेवढ्यात हॉस्टेलच्या चार-पाच रात्री निघतात, म्हणून थिवीहून कोकणकन्येचं स्लीपर.

हनोईत उतरले तर रिपरिप पाऊस. आपल्यासारखा धो धो नाही, नुसता भुरभुर, दिवसभर. आठ जणींची डॉर्म, मला वरचा बंक, खालच्या बाईचं घोरणं फुकट. पहिल्याच दिवशी फुटपाथवर एका म्हातारीकडे प्लास्टिकचा रेनकोट घ्यायला थांबले आणि दहा हजार डाँगसाठी दहा मिनिटं हुज्जत घातली. ऐकायला मोठे वाटतात, पण रुपयाला जवळजवळ तीनशे डाँग, म्हणजे भांडण तेहतीस रुपयांचं. जिंकले, रेनकोट घातला, आणि चालता चालता मला आमच्या काउंटरवर लेट चेकआऊटच्या पैशावरून आवाज चढवणारे गेस्ट आठवले. त्यांच्यामागे आम्ही त्यांना काय काय नावं ठेवायचो ते इथे लिहीत नाही. आता मीच ती. बजेटवर फिरणाऱ्या माणसाला आपण फार साधे आणि जमिनीवरचे आहोत असं वाटत असतं, पण समोरच्यासाठी आपण विमानाने आलेलो आणि तेहतीस रुपयांवर अडलेलो असतो.

हनोईहून रात्रीच्या ट्रेनने ह्वे, तिथून दा नांग. हा ह्वे ते दा नांगचा तुकडा दिवसाच करा. शंभरेक किलोमीटरला तीन तास लागतात, पण हाय व्हान घाटात गाडी अगदी समुद्राच्या डोक्यावरून जाते. हार्ड सीट म्हणजे खरोखर लाकडी बाक असतो, पण खिडकी उघडते. बोगदे, झाडी, मधेच निळं पाणी, कोकण रेल्वेवाल्या माणसाला घरचंच वाटतं.

दा नांगहून होई आन. इथे मी सहा दिवस राहिले, ठरवले होते तीन. सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक बाई बान्ह मीची गाडी लावायची. बान्ह मी म्हणजे पावच, तो फ्रेंचांनी आणला, आपला पोर्तुगीजांनी. बाई सुरीने पाव उभा चिरायची, कोळशावर अर्धा मिनिट धरायची आणि मग आत अंडं, काकडी, कोथिंबीर, मिरची. पहिला चावा घेताना वरचं कवच असं कुरकुरून फुटतं की सगळा चुरा अंगावर. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं रोमन आणि त्यावर आमच्याकडच्या पोर्तुगीज नावांतल्या साओ-बिओवर असते तशी नागमोडी रेघ. ही लिपी बसवण्यात सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज पाद्र्यांचा हात होता. म्हणजे इथेही येऊन गेलेच!

आता मेन गोष्ट. तिथली वीस हजारची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळीच. तिसऱ्या दिवशी मी अर्धवट झोपेत बान्ह मीचे वीस हजार दिले आणि चालू पडले. मागून ओरडा. मला वाटलं पैसे कमी पडले म्हणून मी जरा घुश्शातच वळले, तर बाई एका हातात सुरी तशीच धरून पळत येतेय आणि दुसऱ्या हातात माझी पाच लाखाची नोट. म्हणजे माझ्या अख्ख्या दिवसाच्या बजेटपेक्षा जास्त. तिने माझी पर्स स्वतः उघडायला लावली, त्यातली वीस हजारची नोट बोटाने दाखवली, ती घेतली आणि त्यावरच्या पुलाच्या चित्रावर टकटक केलं. तो होई आनचाच जपानी पूल आहे. तो बघ आणि मग दे, असं असणार. रेनकोटवाल्या म्हातारीची इतकी लाज वाटली की विचारू नका.

एका सोमवारी 'मी सन' हे जुन्या देवळांचं ठिकाण केलं. चाळीस किलोमीटर, हॉस्टेलमधल्या एका कोरियन मुलीबरोबर स्कूटरचं पेट्रोल अर्धं अर्धं करून. तिकीट दीड लाख डाँग, जड गेलं. पण चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं, पहिलं मात्र लाकडाचं, चौथ्या शतकातलं, देवाचं नाव भद्रेश्वर. १९६९च्या अमेरिकन बॉम्बिंगमध्ये बरीच पडली, जमिनीत बॉम्बचे खड्डे अजून दिसतात. काही मंदिरांची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केलीय आणि त्या कामात २०२०मध्ये एक अखंड दगडी शिवलिंग जमिनीतून निघालं. आमच्या डिचोलीजवळ नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे, मूळचा दिवाडीचा, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे आलेला आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचं देऊळ पुन्हा बांधायला लावलं तो. त्यामुळे त्या लिंगासमोर उभं राहिल्यावर हात आपोआप जोडले गेले. कोरियन मुलगी फोटो काढायची थांबली.

सोमवार म्हणजे मी शिवराक, मासे-मटण बंद. परत येताना एका टपरीवर सकाळपासून चहा नाही म्हणून "चाय, चाय" करत बसले तर बाईने हसत टोफूभात आणून ठेवला. तिकडे 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहा मिळाला नाहीच, पण सोमवार न मोडता जेवण झालं.

शेवटी खर्च त्रेसष्ट हजारांवर गेला. नवीन नोकरी अजून नाही, दोन ठिकाणी बोलणं चाललंय. उरलेली वीस हजारची एक नोट बाबांनी कालनिर्णयाच्या खिळ्याला अडकवून ठेवलीय, आणि मावशी आली की तिला दाखवतात, "पगार विचारत होतीस ना, हे बघ, वीस हजार घेऊन आली."