कचरा उचलणाऱ्यांशी हात मिळवणं, ही कला कशी काय?

पर्यावरणावरची चित्रं, पोस्टरं, शिल्पं बघून माणूस खरंच बदलतो का, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं आहे, कारण त्यातलं बरंचसं काम बघताना मला आतून काहीच होत नाही. पेटलेली पृथ्वी, पोटात प्लास्टिक असलेला मासा, शेवटच्या झाडाला मिठी मारून उभं असलेलं मूल. मनापासून केलेलं असतं सगळं, पण आपल्याला आधीच माहिती असलेलं तेच परत सांगितलं जातं, आपण मान डोलावतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. माहिती कमी पडते म्हणून थोडीच आपण नद्या घाण करतो. कशाला मान द्यायचा, कशाला पैसा द्यायचा आणि कुणाकडे बघायचंसुद्धा नाही हे आपलं लहानपणापासून ठरून गेलेलं असतं, खरी अडचण तिथे आहे. आणि हे ठरलेलं गणित हलवणारं काम कलेत झालंय. फार नाही, पण झालंय, आणि ते बघितल्यापासून माझी कलेकडून अपेक्षाच बदलली.

यातलं माझ्यासाठी सगळ्यात मोठं नाव म्हणजे मिर्ल लॅडरमन यूकेलीस. न्यूयॉर्कच्या आर्टिस्ट. मूल झालं आणि दिवसच्या दिवस धुणं, पुसणं, भरवणं यात जायला लागले, आर्टिस्ट म्हणून जगायचं स्वातंत्र्य एकीकडे आणि हे न संपणारं काम दुसरीकडे. मग त्यांनी १९६९ मध्ये एक जाहीरनामा लिहिला. त्यात साधारण म्हणणं असं, की जगात दोन प्रकारची कामं चालतात, एक नवीन काहीतरी घडवायचं आणि दुसरं घडलेलं टिकवायचं, त्याच्यावरची धूळ झटकायची. कौतुक सगळं पहिल्याला आणि वेळ सगळा दुसऱ्यात जातो. त्यांनी त्यात विचारलंय, की क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? आणि मग म्हणाल्या की मी घरात जे करते तेच आता कला म्हणून करणार.

ऐकायला हे नुसतं बोलणं वाटतं, पण १९७३ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराच्या म्युझियममध्ये जे केलं ते नीट बघा. तिथे एका काचेच्या पेटीत ममी ठेवलेली होती. ती काच रोज पुसायचं काम सफाई कामगाराचं. त्या दिवशी आधी त्याने नेहमीसारखी काच पुसली. मग तीच काच यूकेलीसनी पुसली, आणि ही आता कलाकृती आहे म्हणून तिच्यावर शिक्का मारला. झालं! आता ती कलाकृती, म्हणजे तिला हात लावायचा अधिकार सफाई कामगाराला राहिला नाही, पुढची सफाई म्युझियमच्या कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे कलाकृती जपणाऱ्या तज्ज्ञाकडे गेली, जो शिकलेला, मानाचा, चांगल्या पगाराचा माणूस. काच तीच आणि काम तेच, पण कोण करतंय यावर त्याची किंमत ठरली. मला आठवतंय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही, कारण श्रमांची उतरंड कशी चालते यावर मी जी जाड पुस्तकं वाचली होती ती सगळी या एका फडक्यात मावली होती. त्याच म्युझियमच्या पायऱ्या आणि फरशाही त्यांनी तासन्‌तास घासल्या, लोक येतात जातात, पावलं उमटतात, परत घासायचं.

पुढे १९७७ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या स्वच्छता खात्यात आर्टिस्ट म्हणून गेल्या, बिनपगारी. १९७९-८० मध्ये शहरातल्या सगळ्या भागांत फिरून जवळजवळ ८,५०० सफाई कामगारांना भेटल्या, प्रत्येकाशी हात मिळवला आणि न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल थँक यू म्हणाल्या. आता कोणी म्हणेल यात कला कुठे आहे, नुसतं हस्तांदोलन तर आहे. पण एका कामगाराने सांगितलेली गोष्ट ऐका. त्या भेटीच्या सतरा वर्षं आधी, कडक उन्हात, दमून तो एका घराच्या ओट्यावर टेकला होता, आतून बाई आली आणि म्हणाली निघा इथून, घाण वास येतोय तुमचा, माझा ओटा घाण करू नका. ते सतरा वर्षं त्याच्या घशात अडकून होतं. यूकेलीसनी काय केलं, १९८४ मध्ये गॅलरीच्या काचांवर या कामगारांना ऐकाव्या लागलेल्या शिव्या लिहिल्या, तो ओट्याचा प्रसंग उभा केला, आणि शहरातल्या वेगवेगळ्या क्षेत्रातल्या लोकांना बोलावून त्या शिव्या पुसायला लावल्या. म्हणजे ज्यांना एरवी कचऱ्याची गाडी दिसतसुद्धा नाही त्यांच्या हातात फडकं दिलं. शिवाय १९८३ मध्ये एका कचऱ्याच्या ट्रकला बाहेरून आरसे लावले, गाडी रस्त्याने जाताना बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसणार, कचरा नेमका कुणाचा आहे हे वेगळं सांगायलाच नको.

मी एवढं लांबण लावतोय कारण मला वाटतं पर्यावरणाचा प्रश्न आणि हा मान-अपमानाचा प्रश्न एकच आहे. नदी स्वच्छ ठेवणं, माती जिवंत ठेवणं, जंगल राखणं, हे सगळं शेवटी रोजचं, तेच ते, कंटाळवाणं काम आहे, आणि आपण असं काम करणाऱ्या माणसाला खालचा समजतो. मग पृथ्वी वाचवायची कशी? निगा राखणाऱ्याला किंमत नाही तिथे निगा राखली जाणारच नाही, कितीही परिषदा भरवा.

आता दुसरं उदाहरण, जरा जास्त प्रसिद्ध. जर्मनीतलं कासेल शहर, १९८२. योसेफ बॉइस या जर्मन आर्टिस्टने तिथल्या म्युझियमसमोरच्या हिरवळीवर बेसॉल्टचे ७,००० दगडी खांब आणून टाकले, ढिगारा. लोक वैतागले, चांगल्या जागेची वाट लावली म्हणाले. अट अशी की शहरात कुठेही एक झाड लावलं की ढिगाऱ्यातला एक दगड उचलून त्या झाडाशेजारी उभा करायचा, म्हणजे ढीग नको असेल तर झाडं लावण्याशिवाय दुसरा रस्ताच नाही (मला हे फार आवडतं, की लोकांचा राग सुद्धा कामाला लावला). कोणी पैसे दिले, कोणी जागा सुचवल्या, रहिवाशांच्या मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, पार्किंगची जागा जाते म्हणून विरोधही झाला. १९८६ मध्ये बॉइस गेले. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. दगड आहे तेवढाच राहतो आणि झाड वाढत जातं, सुरुवातीला दगडाशेजारी काडीसारखं दिसणारं रोप आज दगडाला झाकून टाकतं. आणि हे काम संपलेलं नाही, कारण झाडं मरतात, रस्ते रुंद होतात, मुळं पाइपात शिरतात, म्हणजे शहराला ती कलाकृती सांभाळत बसावं लागतं, छाटणी करायची, मेलेलं झाड बदलायचं. कलाकृतीच्या नावाखाली त्या शहराच्या गळ्यात पुढच्या कितीतरी पिढ्यांची जबाबदारी घातली गेली, आणि मला तीच त्या कामाची सगळ्यात सुंदर बाजू वाटते.

त्याच १९८२ मध्ये अॅग्नेस डेनेस या आर्टिस्टने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, उंच इमारतींच्या पायथ्याशी भराव टाकलेल्या जमिनीवर दोन एकर गहू पेरला. दगडगोटे, कचरा हाताने वेचला, हातानेच २८५ सऱ्या काढल्या, पाणी दिलं, ऑगस्टमध्ये कापणी केली आणि हजार पौंडांवर धान्य निघालं. त्या जमिनीची तेव्हाची किंमत डेनेस यांनी साडेचार अब्ज डॉलर सांगितली होती. बस, एवढंच. गव्हाच्या लोंब्या आणि मागे ऑफिसांच्या काचा, असे ते फोटो बघताना जमिनीची किंमत म्हणजे नेमकी कशाची किंमत हे ज्याला त्याला स्वतःलाच विचारावंसं वाटतं, भाषणाची गरज पडत नाही.

याच्या उलट, ओलाफर एलियासन या आर्टिस्टने २०१५ च्या डिसेंबरमध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसच्या चौकात ग्रीनलंडहून आणलेले बर्फाचे १२ मोठे ठोकळे घड्याळासारखे गोल मांडले होते, त्याबद्दल माझं अजून पूर्ण समाधान होत नाही. लोक बर्फाला हात लावत होते, कान लावत होते, मुलं मिठ्या मारत होती, हे खरं आहे आणि आकड्यांनी जे होत नाही ते स्पर्शाने होतं हेही मला मान्य. पण बर्फ वितळला, लोक घरी गेले, आणि कुणाच्याच हातात काही काम उरलं नाही. हळहळ वाटणं आणि सवय बदलणं यात फार अंतर आहे.

आपल्याकडचं एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवजोत अल्ताफ या आर्टिस्टने बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर हापशांच्या जागा नव्याने घडवल्या. पाणी भरणाऱ्या बायकांना भांडं उचलताना त्रास कमी व्हावा, सांडपाणी साचू नये, आणि बायका-मुलांना थांबायला, बोलायला बरी जागा मिळावी, असा विचार करून ओटे बांधले, वर तिथल्या कलाकारांची शिल्पं, आकार. कोणी याला प्लंबिंग म्हणेल. मी म्हणेन की पाणी कोण भरतं आणि तिच्या कमरेचं काय होतं हा प्रश्न शिल्पकलेत आणणं हीच मूल्यं बदलायची सुरुवात आहे.

म्हणून कलेसाठी फंड देणाऱ्या संस्थांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पर्यावरणावरच्या प्रोजेक्टचं बजेट बघताना उद्घाटनाचा मांडव, कॅटलॉग, फोटोग्राफर हे सगळं असतंच, त्यात पुढच्या दहा वर्षांच्या पाण्याचा, छाटणीचा, राखणदाराच्या पगाराचा रकाना आहे का ते आधी बघा, आणि नसेल तर आर्टिस्टला परत बोलावून विचारा. आणि राखणदाराचं नाव कलाकृतीच्या पाटीवर आर्टिस्टच्या नावाशेजारी, त्याच टायपात लिहा.