आमची वाटचाल : वागळे इस्टेटच्या गाळ्यातून क्लाउडपर्यंत

सुरुवात 2006 ची. वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर 16 च्या आतल्या बाजूला, एका प्रिंटिंग प्रेसच्या पोटमाळ्यावर आम्ही दोघं भागीदार. मी हार्डवेअरचा आणि तो बोलण्यातला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचे पार्ट आणायचे, असेंबल करायचे आणि महापे, रबाळे, पावण्यापर्यंतच्या कारखान्यांत बसवायचे. पुढची बारा वर्षं धंदा झाला, पोरं लागली, एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) वाढल्या. त्यात लिहिण्यासारखं फारसं नाही.

लिहायचंय ते डिसेंबर 2019 बद्दल. विंडोज सर्व्हर 2008, म्हणजे कंपनीचा डेटा सांभाळणाऱ्या मुख्य मशीनवरची मायक्रोसॉफ्टची सिस्टम, तिचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपणार होता आणि आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे तोच होता. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातलं होतं. त्यांच्याकडे सर्व्हर रूममध्ये दोन पेट्या, वर खडखडणारा एसी. तिथे आमच्या भागीदारीतला पहिला वाद झाला. भागीदाराचं म्हणणं, आहे ते 2008 तसंच उचलून अझ्युरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या क्लाउडवर ठेवू, तिथे तीन वर्षं सुरक्षा-अपडेट फुकट आहेत. ते खरंच होतं. माझं म्हणणं, घर बदलतोच आहोत तर जुनी गादी कशाला न्यायची? क्लाउडवर नवा सर्व्हर उभा करू, नवं एसक्यूएल (डेटाबेस) घालू, त्यावर डेटा उतरवू. शेवटी माझं चाललं. तो अजून लोकांना सांगतो की माझ्या हट्टामुळे सगळं बुडालं. बुडालं ते हट्टामुळे नाही.

कुठलं मशीन सर्व्हरशी काय बोलतं याची पाहणी त्याच्याकडे होती. अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच सगळीकडे तो फिरला. गेटवर गेला नाही, कारण "गेट सिक्युरिटीवाल्यांचं". शनिवारी रात्री कटओव्हर केला, म्हणजे जुनं बंद करून काम नव्यावर नेलं, रविवारी सगळी बिलं टॅली झाली. आणि रविवारी संध्याकाळी जुन्या सर्व्हरच्या डिस्क मी स्वतः फॉरमॅट केल्या, कारण सोमवारी जुन्या पेट्या विकत घेणारा बायबॅकवाला येणार होता. ही चूक माझी. त्यावर सही माझी आहे.

सोमवारी सकाळी गेटवरचा वजनकाटा बंद. विंडोज एक्सपीवर चालणारं जुनं मशीन, काट्यापासून येणारी सीरियल केबल, आणि ज्याने लिहिलं तो माणूस कधीच धंदा सोडून गेलाय असं एक छोटं एक्झी (प्रोग्रॅम). त्यात जुन्या सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता आतच कोरलेला. वजन नाही म्हणून चलन नाही, चलन नाही म्हणून गाडी नाही. अकरा वाजता ट्रकांची रांग मुख्य रस्त्यावर. मंगळवारी रात्री मी गेटच्या केबिनमध्ये बसून नेटस्टॅट (मशीन कोणाशी बोलतंय ते दाखवणारी कमांड) मारलं, तर समोर जुना पत्ता आणि पुढे नुसतं एसवायएन सेंट, एसवायएन सेंट, म्हणजे हाक मारली, उत्तर नाही. बिचारं मशीन दोन दिवस मेलेल्या दारावर थापा मारत होतं. एका साध्या पीसीला तो जुना पत्ता दिला, पोर्टप्रॉक्सीने येईल ते क्लाउडकडे वळवलं. दहा मिनिटांचं काम. पण दोन दिवस गेले होते. आमचं पेमेंट अडलं, ते आजतागायत अडलेलंच आहे. जानेवारीचे पगार मी आमचा स्वतःचा रॅक आणि यूपीएस विकून केले.

बातमी रबाळ्याला पोचायला किती वेळ लागतो? तिथे आमचे काका. स्प्रिंगचा कारखाना, 2007 पासूनचे गिऱ्हाईक. त्यांचाही सर्व्हर 2008 चाच. मी धरून चाललो होतो की हेही गेले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाताना मनात उत्तरं जुळवत होतो. काकांनी चहा मागवला, कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "काय झालं ते लिहून दे. कोणाला दोष न देता." पान भरलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "मला एवढंच सांग, माझी ही पेटी बंद केली तर कोण ओरडेल?"

मला सांगता येईना. तेरा वर्षं मी ती पेटी सांभाळत होतो.

त्या प्रश्नातून आमची यादी जन्माला आली. साधी एक्सेल शीट. मशीन, प्रोग्रॅम, पत्ता, पोर्ट (मशीनवरच्या दाराचा नंबर), आणि शेवटचा रकाना "कोण ओरडेल?" भरायची पद्धत अशी, की सर्व्हरवर नेटस्टॅट दर मिनिटाला चालवायचं, फाइलमध्ये ओतायचं, तेही पूर्ण महिनाभर. आठवड्यावर भागत नाही, कारण महिनाअखेरीचा स्टॉक आणि 11 व 20 तारखेची जीएसटी रिटर्नं आठवड्यात दिसत नाहीत. सोबत परफमॉन, म्हणजे रॅम-प्रोसेसरचा वापर मोजणारं विंडोजचं टूल, लावायचा. काकांच्या जुन्या पेटीत 32 जीबी रॅम होती, वापर दहाच्या वर कधी गेला नाही. क्लाउडवर 32 च घेतली असती तर दरमहा हवेचं भाडं भरलं असतं.

काकांचं बिलिंग जुन्या व्हीबीत (व्हिज्युअल बेसिकमध्ये) लिहिलेलं. एक बिल उघडलं की डेटाबेसकडे चारशे फेऱ्या. लॅनवर, म्हणजे कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर, कळत नाही. पण डेटाबेस क्लाउडवर आणि प्रोग्रॅम रबाळ्यात ठेवला, तर फेरीला दहा मिलिसेकंद धरले तरी एका बिलाला चार सेकंद. म्हणून दोघांना एकत्रच न्यायचं आणि माणसांनी रिमोट डेस्कटॉपने आत यायचं. डेटा 400 जीबी, अपलोड वीस एमबीपीएस, म्हणजे चव्वेचाळीस तास, तेही लाइन न तुटता. तेव्हा मूळ प्रत आधीच्या आठवड्यात आणि कटओव्हरच्या रात्री फक्त फरक. हा फरक उचलणाऱ्या रोबोकॉपी या विंडोजच्या कमांडवर माझा जेवढा जीव आहे तेवढा पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या लाल दांड्याच्या, नेटवर्क केबलच्या क्रिम्पिंग टूलवरच असेल. ते टूल अजून ड्रॉवरमध्ये आहे, कोणाला देत नाही. आणि हो, लायसन्सचा यूएसबी डोंगल (मशीनला टोचायची चावी) असेल तर आधी त्याचं बघा. डोंगल ढगात टोचता येत नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये काकांचं काम झालं. जुनी पेटी तीस दिवस बंद पण जागेवर ठेवली. ते तीस दिवस संपायच्या आत लॉकडाऊन लागला आणि काकांची अकाउंटंट डोंबिवलीत घरी बसून बिलं काढत होती. त्यानंतर फोन येऊ लागले. त्या वर्षी दसऱ्याला मी रबाळ्याला गेलो, तर काका झेंडूचा हार हातात घेऊन सर्व्हर रूमच्या दारात उभे. "आता घालू कुणाला?" दरवर्षी त्या पाकळ्या पंख्यातून काढायचं काम माझं असायचं. शेवटी हार राउटरला घातला.

भागीदार 2021 मध्ये गेला. चार गिऱ्हाइकं घेऊन गेला, त्याचं दुःख आहे, पण धंद्यात चालतं. यादी घेऊन गेला ते लागलं. 2012 च्या सर्व्हरचा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला, तेव्हा त्याने माझ्यापेक्षा जास्त कामं केली असं ऐकतो. "एका वीकेंडमध्ये क्लाउड" असा त्याचा फ्लेक्स घोडबंदर रोडला लागला होता. वीकेंडमध्ये होतं ते फक्त कटओव्हर. आधीचा महिना दाखवतच नाहीत.

नवीन धंद्यात येणाऱ्यांनो, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. 31 मार्चच्या आसपास कटओव्हर घेऊ नका. मशीनं सर्व्हरला नावावरून जोडलेली असतील तर डीएनएसचा टीटीएल (नावामागचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) दोन दिवस आधी तीनशे सेकंदांवर आणा. परतीचा रस्ता लिहून काढा आणि कुठल्या वाजता परत फिरायचं तेही लिहा, नाहीतर पहाटे चारला सगळ्यांनाच वाटतं की अजून अर्ध्या तासात होईल. गिऱ्हाईक कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोजचा लागतो, 2022 च्या नियमदुरुस्तीपासून. क्लाउडचं मुंबई रीजन (तिथलं डेटा सेंटर) घेतलं म्हणजे बॅकअपही तिथेच पडतो असं नाही, सेटिंग उघडून बघा. आणि क्लाउडवरचं मशीन बंद केलं तरी डिस्कचं बिल चालूच राहतं, हे गिऱ्हाइकाला पहिल्या बैठकीतच सांगा.

मागच्या वर्षी तुर्भ्याच्या एका प्लास्टिकवाल्यांनी बोलावलं. दोन कोटेशनं टेबलावर, एक आमचं आणि एक माझ्या जुन्या भागीदाराचं. मालकांनी त्याचं माझ्याकडे सरकवलं, "हे जरा वाचून सांगा." मागे यादी जोडलेली. तेच रकाने, त्याच क्रमाने, शेवटी "कोण ओरडेल?" पहिली ओळ, गेटवरचा वजनकाटा.

मालक म्हणाले, "आमच्याकडे वजनकाटा नाहीच."

मी हसलो. मग आपलं कोटेशन उलटून पाहिलं. माझ्याही यादीत पहिली ओळ तीच होती.