मायटोसिस दिसले म्हणजे कॅन्सरच, असं नसतं हो

कण्याशेजारी मोठी गाठ, एमआरआयमध्ये बाजूचं हाड पोखरलेलं, स्लाइडवर नुसत्या पेशीच पेशी आणि वर मायटोसिसपण, म्हणजे विभागत असलेल्या पेशी. असं दिसलं की आम्हा पॅथॉलॉजिस्टचा हात आपोआप सार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) लिहायला जातो. पण सेल्युलर श्वानोमा नावाचं, नसेच्या आवरणातल्या पेशींच्या गाठीचं बेणं हुबेहूब असंच दिसतं आणि असतं बिनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेलं! वुड्रफ वगैरे मंडळींनी १९८१ मध्येच हे लिहून ठेवलंय, तरी अजून गल्लत होतेच, कारण श्वानोमा म्हटलं की आपण व्हेरोके बॉडीज (पेशींच्या केंद्रकांच्या समोरासमोरच्या रांगा) शोधत बसतो आणि यात त्या जवळपास नसतातच.

मी मायटोसिस मोजायच्या आधी गाठीची कड बघते. जाड कॅप्सूल (गाठीभोवतीचं आवरण), तिच्या आतल्या बाजूला लिम्फोसाइटचे पुंजके, जाड गुलाबी भिंतीच्या रक्तवाहिन्या, मधूनच फेसाळ मॅक्रोफेज, एवढं जुळलं की निम्मं टेन्शन जातं. सुईच्या बायोप्सीत मात्र कडच येत नाही, तिथे खरी पंचाईत.

मग इम्यूनो, म्हणजे पेशींमधले ठरावीक मार्कर रंगवून बघणं. श्वानोमात एस-१०० आणि सॉक्स-१० हे मार्कर जवळजवळ प्रत्येक पेशीत गडद येतात, मॅलिग्नंटमध्ये, म्हणजे नसेच्या आवरणाच्या कॅन्सरमध्ये (आम्ही एमपीएनएसटी म्हणतो) कुठेतरी ठिपके ठिपके नाहीतर साफ कोरं. एच३के२७एमई३ हा मार्कर गेलेला असेल तर पारडं एमपीएनएसटीकडे झुकतं, पण आधी रक्तवाहिन्यांच्या पेशींत डाग आलाय का ते बघा, तिथेही नसेल तर तो स्टेनच फसलाय. आणि मार्कर शाबूत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, बऱ्याच एमपीएनएसटीत तो टिकून असतो. एमपीएनएसटीचा एपिथेलिऑइड प्रकार तर सगळंच उलटं करतो, एस-१०० भरभरून, एच३के२७एमई३ जागेवर, तिथे आयएनआय-१ हा मार्कर गेलाय का ते बघावं लागतं.

एनएफ-१ च्या (नसांवर गाठी येणाऱ्या एका जनुकीय आजाराच्या) पेशंटची जुनी गाठ अचानक वाढली, दुखायला लागली तर मात्र मी संशय सोडत नाही, त्यांच्यात आयुष्यभरात एमपीएनएसटीची शक्यता साधारण ८ ते १३ टक्के धरतात.

एवढा कीस काढायचं कारण ऑपरेशन टेबलावर आहे. श्वानोमा असेल तर सर्जन बहुतेक वेळा नस वाचवून गाठ सोलून काढतात, एमपीएनएसटी असेल तर नसेसकट रुंद कापावं लागतं. त्यामुळे सुईच्या बायोप्सीवर खात्री नसेल तर मी रिपोर्टमध्ये तसं सरळ लिहिते आणि सर्जनना फोनही करते.