हाय-फाय टप्प्याटप्प्याने: आधी मांडणी, मग स्पीकर, मग बाकीचं

घरातली सगळी सिस्टीम एकदम बदलण्याइतके पैसे बहुतेकांकडे नसतात, आणि असले तरी तसं करू नये. ॲम्प, स्पीकर, टर्नटेबल सगळंच नवं आलं की फरक कशामुळे पडला ते कळत नाही, आणि काही बिनसलं तर दोष कुठे शोधायचा तेही कळत नाही. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि जुनी निदान पंधरा दिवस विकायची नाही. कानाला जाणवणाऱ्या फरकाप्रमाणे क्रम लावला तर तो असा: खोलीतली मांडणी, स्पीकर, रेकॉर्ड ऐकत असाल तर कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग), मग ॲम्प्लिफायर, मग डॅक (डिजिटल सिग्नलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी पेटी), आणि वायर सगळ्यांत शेवटी. दुकानात हाच क्रम बरेचदा उलटा सांगितला जातो.

मांडणीला पैसे लागत नाहीत, म्हणूनच ती कुणी करत नाही. स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबलेले, एक सोफ्यामागे, दुसरा फ्रिजशेजारी, असं असेल तर नवा स्पीकरही तिथे तसाच वाजेल. वूफरपासून (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या कोनापासून) मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. हे अंतर ज्या स्वराच्या तरंगलांबीच्या पावपट असतं, तो स्वर भिंतीवरून उलटा येऊन स्वतःलाच खोडतो. ४३ सेंटीमीटरला हा खड्डा २०० हर्ट्झच्या आसपास पडतो, ८५ सेंटीमीटरला १०० हर्ट्झच्या. बाजूच्या भिंतीचं अंतरही तेवढंच असेल तर दोन्ही खड्डे एकाच जागी येतात, म्हणून ही दोन अंतरं मुद्दाम वेगळी ठेवायची.

दुसरा हिशेब खोलीच्या मापाचा. ३४३ ला (आवाजाचा सेकंदाचा वेग, मीटरमध्ये) खोलीच्या बाजूच्या लांबीच्या दुपटीने भागा, लांबी मीटरमध्ये. येईल तो त्या बाजूमुळे घुमणारा सर्वांत खालचा स्वर. १२ फुटी बाजूला ४७ हर्ट्झ, १० फुटी बाजूला ५६, ८ फुटी बाजूला ७०. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झ. आठ फूट रुंदीच्या खोलीत नेमकी तीच तार घुमते आणि गायकाच्या आवाजावर चढून बसते. दोष रेकॉर्डिंगचा नसतो. अशा वेळी स्पीकरआधी आपली बसायची जागा हलवून बघा. डोकं मागच्या भिंतीला टेकलेलं असेल तर बेस फुगतो, खोलीच्या बरोबर मध्यावर तो गायब होतो. भिंतीपासून ५०-६० सेंटीमीटर पुढे सरकलात तरी फरक कळेल.

उंचीचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. बाजारातले स्टँड बहुतेक २४ इंची असतात, कारण ते खुर्ची-सोफ्यावर बसणाऱ्यासाठी बनवलेले असतात. त्यावर ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, ८५-९० सेंटीमीटरवर येतो. गादी घालून खाली बसून ऐकणाऱ्याचा कान साधारण ७० सेंटीमीटरवर असतो. मग एक तर १६-१८ इंची स्टँड सुताराकडून करून घ्यावा, नाही तर स्पीकरच्या मागच्या बाजूखाली रबराचे तुकडे सारून तो थोडा पुढे झुकवावा, घसरणार नाही एवढाच.

टाळी वाजवून बघा. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये टाळीमागे झणझणीत शेपूट येतं. स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड गालिचा, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्याने पुष्कळ काम होतं. भिंतीला चिकटवायचा इंचभर फोम फक्त वरचे स्वर खातो, बेस होता तसाच राहतो, आणि खोली कोंदट वाजू लागते. मोजायचंच असेल तर आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला यूमिक-१ सारखा यूएसबी माइक जोडायचा. ३० ते २०० हर्ट्झचा स्वर हळूहळू चढवत नेला की शोकेसची काच, खिडकीची जाळी, लोखंडी कपाटावरचे डबे, जे जे खडखडतं ते आपणहून हात वर करतं.

आता स्पीकर. हाती येतील तेवढ्या पैशांतले निम्मे इथे गेले तरी चालतील. माहितीपत्रकावर दोन आकडे बघा: सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला, एका मीटरवर किती मोठा वाजतो) आणि इम्पीडन्स (ॲम्पच्या करंटला होणारा विरोध). समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे. अडीच मीटरवर बसलात तर दर चॅनलला एका वॉटमध्ये साध्या खोलीत ८० ते ८३ डेसिबल मिळतात; रोजच्या ऐकण्याला ते भरपूर मोठे आहेत. पण तबल्याची थाप किंवा ड्रम सरासरीच्या १५ डेसिबल वर उसळतो, आणि १५ डेसिबल म्हणजे जवळपास ३२ पट पॉवर. २० डेसिबल म्हणजे १०० पट. म्हणून साध्या खोलीला ४०-५० वॉटचा ॲम्प बहुतेक वेळा पुरतो आणि ८ वॉटचा ट्यूब ॲम्प अशा स्पीकरवर दमतो. इम्पीडन्सपुढे लिहिलेले ८ ओहम हे नावापुरते असतात. काही स्वरांवर तोच स्पीकर चार ओहमच्या खाली जातो. किमान इम्पीडन्स दिलेला असेल तर ॲम्प निवडताना तो धरायचा.

जुने स्पीकर घेताना आधी पुढची जाळी काढा. कोनाभोवतीची कड रबराची असेल तर ठीक. फोमची असेल तर बोटाने हळूच दाबून बघा. पंधरा-वीस वर्षांत फोमचा भुगा होतो, किनारपट्टीच्या दमटपणात त्याआधीही. तो बदलता येतो: जुना फोम आणि गोंद खरवडून काढायचा, बरोबर मापाची कड आणायची, आणि गोंद वाळेपर्यंत ३० हर्ट्झचा स्वर अगदी हळू वाजवत ठेवून कोन मध्यावर बसला आहे याची खात्री करायची. कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा आत दाबल्यावर खरखर आली तर कोन हलवणारी तारेची गुंडाळी, व्हॉइस कॉइल, घासते आहे. मग तो स्पीकर सोडून द्या. क्रॉसओव्हरमधले (वूफर-ट्वीटरला स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पंचवीस-तीस वर्षांत मूळ किमतीपासून सरकतात. बदलायचे तर दोन्ही स्पीकरमधले एकदम, आणि नॉन-पोलर प्रकारचेच. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागताना हा शब्द आवर्जून उच्चारा, नाही तर साधा प्लस-मायनसवाला हातात पडेल.

जोडल्यावर मोनो रेकॉर्डिंग लावा, एखादं जुनं भावगीत चालेल. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो दोन्हीकडे पसरला आणि बेस पातळ झाला, तर एका स्पीकरचे लाल-काळे उलटे लागले आहेत.

रेकॉर्ड वाजवणाऱ्याला कमी पैशात सर्वांत मोठी उडी कार्ट्रिजमध्ये मिळते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका यासाठी सोयीची, कारण एकाच बॉडीला वेगवेगळ्या सुया लागतात. ई प्रकारातल्या साध्या लंबगोल सुईने सुरुवात करायची, नंतर फक्त सुई काढून मायक्रोलिनिअर किंवा शिबाटा या अधिक बारीक घडणीच्या टोकाची बसवायची. लंबगोल सुईचं आयुष्य कंपनी ३०० तास धरते, मायक्रोलिनिअरचं १०००. एलपीच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटत असतील तर मायक्रोलिनिअर तिथे पैसे वसूल करते.

बसवताना सुईवर टोपण ठेवूनच काम करा. मागच्या चार पिनांचे रंग ठरलेले: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. क्लिपा चिमट्याने सरकवा, पिनांवर सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. आतली केसाएवढी तार तुटते. मग क्रम असा: दोन स्क्रू सैल लावून आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) तोला, सुईचं वजन २ ग्रॅमवर आणा, प्रोट्रॅक्टर (सुई सरळ लावायची आखलेली पट्टी) ठेवून सुई टर्नटेबलच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटर या दोन बिंदूंवर रेषेत येईपर्यंत कार्ट्रिज पुढे-मागे करा, स्क्रू आवळा, आणि वजन पुन्हा तपासा, कारण कार्ट्रिज सरकली की वजन बदलतं. सुईचं वजन मोजायचा काटा डिजिटल घ्या, आणि मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर असू द्या. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते हा समज उलटा आहे: हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

फोनो प्रीॲम्पचा, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा, लोड ४७ किलो-ओहमचा हवा, पण केबल आणि प्रीॲम्पच्या कपॅसिटन्सकडे फारसं कुणी बघत नाही. या मालिकेला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड चालतात. आर्ममधली तार आणि केबल मिळूनच दीडशेच्या आसपास जातात. त्यात प्रीॲम्पने आणखी २०० घातले की वरचे स्वर टोचायला लागतात, आणि दोष सुईवर जातो. केबल आखूड करा किंवा प्रीॲम्पवरचा खटका सर्वांत कमी आकड्यावर ठेवा. आवाज बारीक आणि बेसशिवाय येत असेल तर टर्नटेबल थेट लाइन इनपुटला लागला आहे. फुगलेला आणि फाटका येत असेल तर टर्नटेबलचा आतला प्रीॲम्प चालू असताना तुम्ही तो पुन्हा फोनो इनपुटला जोडला आहे.

घरात आजोबांच्या ७८ च्या तबकड्या असतील, बालगंधर्वांची पदं वगैरे, तर एलपीची सुई त्यांवर ठेवू नका. ती रुंद खोबणीच्या तळाशी घसरते आणि नुसती खरखर उचलते. तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई लागते. व्हीएम९५ च्या बॉडीला ती एसपी नावाने मिळते आणि ५ ग्रॅमवर चालते. त्या तबकड्या लाखेच्या, त्यामुळे अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर त्यांना लावायचं नाही.

ॲम्पच्या खोक्यावरचे पीएमपीओचे (जाहिरातीसाठी फुगवलेल्या पॉवरचे) आकडे वाचूसुद्धा नका. ‘दोन्ही चॅनल चालू असताना, ८ ओहमला, सलग’ असा आकडा हवा. जुना ॲम्प घेत असाल तर स्पीकर जोडण्याआधी मल्टीमीटर डीसी २०० मिलिव्होल्टवर लावून, गाणं न लावता, दहा मिनिटांनी ॲम्पच्या मागच्या, स्पीकर जोडायच्या टर्मिनलवर धरा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चांगलं, ५० च्या वर असेल तर मेकॅनिकला दाखवा, १०० च्या वर स्पीकर जोडूच नका. एक चॅनल हळू आवाजात गायब होतो आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर परत येतो, असं असेल तर बहुधा आतल्या रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप खटक्याचे) पॉइंट काळे पडलेत. किरकोळ काम आहे. लहान ॲम्प पिळून वाजवला की तो लाटेचे माथे कापतो, त्यातून वरच्या स्वरांची ताकद वाढते आणि ट्वीटर जळतो.

डॅकबद्दल थोडक्यात. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून सळसळ ऐकू येत असेल तर साधा, दोन व्होल्ट देणारा डॅक घ्या आणि विषय संपवा. दोन डॅकची तुलना करायचीच तर आवाज समान करून करा: १०० हर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही २ टक्क्यांच्या आत आणा. नाही तर जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. वायरला तर एवढंही लिहायची गरज नाही: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर, इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते ती. पाच मीटरला जाऊन-येऊन ०.०८ ओहम. घरात पडलेली अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर तेवढ्याच अंतरात ०.४ ओहम खाते, ती मात्र बदला.

५० हर्ट्झची गुणगुण आली तर आधी टर्नटेबलची अर्थची तार बघा, मग सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बऱ्याच घरांत चोर तिथेच सापडतो. सगळे प्लग एकाच बोर्डावर घ्या. अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

अमेरिकेतून कुणी ॲम्प किंवा टर्नटेबल आणणार असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा. १२० व्होल्ट असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. जपानच्या घरगुती मॉडेलवर १०० व्होल्ट असतं, त्याला १०० व्होल्टचाच. पण टर्नटेबलची मोटर एसी सिंक्रोनस असेल तर ट्रान्सफॉर्मरने भागत नाही: ६० हर्ट्झची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, ३३⅓ चे पावणेअठ्ठावीस फेरे होतात. त्याला ५० हर्ट्झची पुली मिळते का ते आणण्याआधी विचारायचं. डीसी मोटरवाल्याचा नुसता ॲडॅप्टर बदलावा लागतो; व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील.