डीपी, डोमकळी आणि माझी चित्रवही

गावातली पोरगी चित्रं काढते म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पहिले बैलबंडी येते, मग फुललेला पळस, मग डोक्यावर पाण्याची गुंडी घेतलेली बाई. म्हणजे कॅलेंडरच. माझ्या रोजच्या वहीत पळस एकदाच आलाय, तोही डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, मागे उभा होता म्हणून. बाकी पानांवर पाठीवरचा फवारणी पंप, खताच्या रिकाम्या पोत्याचं पायपुसणं, थ्री फेज लाईन रात्री कधी येणार ते भिंतीवर खडूनं लिहिलेलं टाइमटेबल, असलंच सगळं. आणि सीझनमध्ये कोपऱ्यात त्या दिवशीचा हिंगणघाटचा कापसाचा भाव. चित्र बिघडलं तरी भाव राहतो ना, पान वाया जात नाही.

कपाशीचं फूल मात्र मी परत परत काढते. लहानपणापासून बघतोय आपण, पण रंग भरायला बसलं की कळतं, पहिल्या दिवशी ते पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग वाळून गळतं आणि खाली बोंड धरतं, म्हणजे एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसतात ती दोन जातींची नसतात, कालचं आणि आजचं असतं. मोबाईलमध्ये किती फोटो पडलेत कपाशीचे, पण हे फोटो काढताना कधी डोक्यातच आलं नव्हतं. एकदा असंच बांधावर बसून एक न उघडलेलं फूल काढत होते, पाकळ्या टोकाशी चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारखं दिसत होतं, मला तर लय आवडलं. मागून काकाजी आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, "हे काई फूल नाही पोरी, डोमकळी हाये. कोन्त्या तासातली?" कोणत्या ओळीतली, म्हणजे. आत गुलाबी बोंडअळी असली की फूल असं मिटलेलंच राहतं, तीच डोमकळी! काकाजींनी कळी तोडून पाकळ्या सोडवल्या, आतली बारकी अळी दाखवली आणि तसेच कामगंध सापळे, म्हणजे बोंडअळीचे पतंग वासानं ओढून पकडणारे सापळे, बघायला निघून गेले. त्या पानावर मी शेजारी अळी पण काढली.

आता कागदाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. वॉटरकलरसाठी सगळ्यात चांगला कागद शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड. कापसाचा तंतू मजबूत, पाणी पितो, घासलं तरी फाटत नाही. छानच असतो तो, पण किंमत बघितली की हसू येतं, कापूस आमच्या घरात छतापर्यंत भरलेला आणि कापसाचा कागद परवडत नाही! तसं वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींच्या काळात हातकागद बनायचा, गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्या ग्रामोद्योगाच्या कामात तोही होता, तिथलं मगन संग्रहालय १९३८ चं आहे, बघून या कधी. मी शाळेची जाड ड्रॉइंग बुक आणि कॅमलचे रंग वापरते. आणि साधा बॉलपेन, त्याची शाई तेलाची असते म्हणून वरून पाणी फिरवलं तरी पसरत नाही, जेलपेन बहुतेक वेळा पसरतो.

मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की ब्रश टेकवेपर्यंत रंग वाळतो, सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, विसराच, सकाळी सहाला बसा नाहीतर पान आधी ओलं करून घ्या. श्रावणात उलटं, वही दोन दिवस ओलीच, पानं एकमेकांना चिकटतात. आणि काळी माती काळ्या रंगानं काढू नका हो, मेल्यासारखी दिसते. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळा, ओल्या मातीला घट्ट लावा, उन्हाळ्यातल्या भेगा पडलेल्या मातीला भरपूर पाणी घालून राखाडी करा, जमतं.

सध्या वेचणी सुरू आहे. कमरेला ओटी बांधलेल्या बायांची पानं भरतायत, पण त्या एका जागी थांबत नाहीत, किलोवर मजुरी असते, माझ्यासाठी कोण उभं राहील? म्हणून मी नुसते हात काढते, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी खरचटलेली बोटं. ते बघून शेजारची आजी म्हणाली, "हात काहून काढतं वो? माह्यं तोंड काढ, आन् गळ्यात पोत काढजो, सोन्याची." पोत तिनं गहाण ठेवलेली आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. मी पिवळ्यात थोडं तांबूस घालून काढली. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या घरी पाठवते, वही बघायला.